निक्सी ट्यूब: पहिला आकडा पेटवण्यापासून घड्याळ चालू होईपर्यंत

घरोघरी एक लाइन टेस्टर असतो. सॉकेटच्या भोकात घालून वरच्या टोपीवर बोट टेकवलं की पारदर्शक मुठीतला इवलासा दिवा नारिंगी उजळतो. निक्सी ट्यूब ही त्याच दिव्याची थोरली बहीण. काचेत कमी दाबाचा निऑन वायू, दोन धातूंच्या मध्ये पुरेसं व्होल्टेज, आणि ऋण बाजूच्या धातूला चिकटून उमटणारा प्रकाश, एवढाच दोघींचा कारभार. फरक इतकाच, की टेस्टरच्या दिव्यात दोन साध्या दांड्या असतात आणि निक्सीत शून्यापासून नऊपर्यंतचे दहा आकडे पातळ पत्र्यातून कापून एकामागे एक रचलेले असतात. हे दहा कॅथोड. त्यांच्यापुढची बारीक जाळी म्हणजे ॲनोड. ज्या आकड्याची तार ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या ऋण बाजूला, जोडाल तो पेटतो. आत फिलामेंट नाही, त्यामुळे बल्बसारखी ती तापतही नाही.

अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५ मध्ये ही नळी बाजारात आणली. पुढची वीसेक वर्षं प्रयोगशाळेतले व्होल्टमीटर, फ्रीक्वेन्सी काउंटर, सुरुवातीचे इलेक्ट्रॉनिक कॅलक्युलेटर या सगळ्यांवर हेच आकडे दिसत. मग एलईडी आली आणि पश्चिमेत निक्सीचं काम संपलं. सोव्हिएत कारखान्यांनी मात्र ती आणखी बरीच वर्षं बनवली, आणि आज आपल्या हाती येणारा बहुतेक माल तिथल्या गोदामांतलाच आहे. म्हणजे नळी हाती पडते तेव्हा तिचं वय बऱ्याचदा पस्तीस-चाळीस वर्षं असतं. तरीही घड्याळ चालत नाही तेव्हा दोष नळीत क्वचितच निघतो. तो बहुधा आपण जोडलेल्या भागांत असतो. नवा माणूस आधी नळी बदलतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आधी शॉकचं बघू

निक्सीला साधारण १७० ते १८० व्होल्ट डीसी लागतं. आपण ते १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून तयार करणार, म्हणून हे खेळण्यातलं सर्किट आहे असं मनात येतं. ते डोक्यातून काढून टाका.

घरच्या २३० व्होल्टला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून थेट निक्सी पेटवायची आकृती कुठे ना कुठे दिसेलच. ती वापरू नका. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्या सर्किटचं ग्राउंड थेट मेन्सला जोडलं जातं. त्याच ग्राउंडला आर्डुइनो (घड्याळाचा प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) आणि आर्डुइनोच्या केबलला लॅपटॉप जोडलात, की पुढे काय होईल ते लिहायची गरज नाही.

माझा पहिला शॉक अडॅप्टर काढल्यानंतरचा आहे. प्लग काढला, दिवे विझले, निवांतपणे बोर्ड उचलला आणि हात खांद्यापर्यंत झणाणला. ४.७ मायक्रोफॅरडचा आउटपुट कपॅसिटर भरलेला राहिला होता. नळ्या विझतात त्या शंभरापेक्षा बऱ्याच वरच्या व्होल्टेजला. उरलेला चार्ज जायला वाटच नव्हती. तेव्हापासून त्या कपॅसिटरवर समांतर ४७० केचा (के म्हणजे किलोओहम) एक रेझिस्टर पहिला सोल्डर होतो आणि बाकीचं नंतर. त्यातून दहा-बारा सेकंदांत कपॅसिटर रिकामा होतो. साधे पाव वॅटचे रेझिस्टर बहुधा २५० व्होल्टपर्यंतचे असतात, त्यामुळे २२० केचे दोन ओळीने लावले तर आणखी बरं.

बाकीचे नियम जुन्या टीव्ही मेकॅनिकचे. चालू सर्किटमध्ये एकच हात, दुसरा खिशात. मीटरची काळी वायर मगरक्लिपने ग्राउंडला आधीच अडकवून ठेवायची, म्हणजे लाल पिन एका हाताने टेकवता येते. अंगठी, कडं काढून ठेवायचं. आणि पोरंटोरं, मांजर यांना खोलीबाहेर.

काय आणायचं

पहिल्या घड्याळासाठी आयएन-१२ घ्या. आकड्याची उंची १८ मिलिमीटर, पिना जाड आणि ताठ, आणि तिचे सॉकेट मिळतात. आयएन-१४ दिसायला जास्त देखणी आहे, उभी, घुमटाच्या डोक्याची. पण तिला लांब नाजूक तारा असतात आणि त्या बोर्डाच्या डझनभर भोकांत एकाच वेळी ओवाव्या लागतात. तो उद्योग दुसऱ्या घड्याळाला ठेवा. आयएन-१८ चा आकडा ४० मिलिमीटरचा. तिची किंमत बघितली की आपोआप पुन्हा आयएन-१२ कडे वळाल.

नळीवरची अक्षरं रशियन लिपीत असतात. उलटा एन आणि त्यापुढे एच असं दिसेल, तेच ‘आयएन’. आयएन-१२ च्या ए प्रकारात फक्त आकडे असतात, बी प्रकारात दशांशासाठी स्वल्पविरामही असतो. आणि पाचचा आकडा बघून विक्रेत्याला तक्रार पाठवू नका. या नळीत पाच म्हणजे उलटा बसवलेला दोन आहे. कारखान्याने एक साचा वाचवला.

नळ्या ऑनलाइनच मागवाव्या लागतात. बाकीचे भाग मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरलं तर हाताशी येतात: एमसी३४०६३ (व्होल्टेज वाढवणारा आयसी), आयआरएफ७४० (मॉसफेट, म्हणजे विजेने चालणारा स्विच), यूएफ४००७ (डायोड), एमपीएसए४२ (ट्रान्झिस्टर), ४०० व्होल्टचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, झिरो पीसीबी (सोल्डर करायचा भोकांचा कोरा बोर्ड). यादीतल्या यूएफ४००७ वर अडून राहा. दुकानदार ‘तोच आहे, घ्या’ म्हणत १एन४००७ पुढे करतो. ते दोन डायोड दिसायला जुळे असले तरी इथे अजिबात बदलून चालत नाहीत. का, ते पुढे येतंच.

पार्सल आलं की नळी उजेडात धरून बघा. ज्या नळीत काचेच्या आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसतो, तिथे तो गेटर आहे, आतली भटकी हवा शोषायला ठेवलेला. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेला चीर आहे, हवा आत गेली आहे, नळी गेली. वायू काढून घेतल्यावर वितळवून बंद केलेलं काचेचं टोक शाबूत आहे का तेही बघा. पिन वाकडी असेल तर काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर पक्कडीने धरून मगच सरळ करा. जोर काचेवर गेला की चीर पडते, आणि ती बहुतेक वेळा डोळ्याला दिसतही नाही.

पायरी १: १८० व्होल्ट तयार करणं

पहिल्या वेळी तयार बूस्ट मॉड्यूल विकत घेण्यात काहीच कमीपणा नाही. अडॅप्टरचं १२ व्होल्ट आत, १८० व्होल्ट बाहेर, मध्ये एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर. तो सावकाश फिरवत मीटरवर १८० आणायचं. मीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर.

स्वतः बांधायचं असेल तर तत्त्व सोपं आहे. मॉसफेट चालू असताना इंडक्टरमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, प्रवाह वाढत जातो. मॉसफेट अचानक बंद केला की इंडक्टर तो प्रवाह थांबू देत नाही, व्होल्टेज उसळतं आणि डायोडमधून कपॅसिटरमध्ये जातं. नळावर जोरात चालू असलेला पाइप एकदम चिमटला की जो धक्का बसतो, तसंच. एमसी३४०६३ हे सेकंदाला हजारो वेळा करतो आणि पिन ५ वरचं व्होल्टेज १.२५ राहील असं सांभाळतो. म्हणून आउटपुटपासून पिन ५ पर्यंत २२० के आणि पिन ५ पासून ग्राउंडपर्यंत साधारण १.५ के, एवढ्यावर तुमचं व्होल्टेज ठरतं: १.२५ गुणिले, १ अधिक दोन्ही रेझिस्टरचं गुणोत्तर. हिशेब १८५ च्या आसपास येतो. दीड केच्या ओळीत छोटा प्रीसेट लावला की १८० वर आणता येतं.

इथे लोक तीन ठिकाणी अडकतात, आणि मी तिन्ही ठिकाणी अडकून आलोय.

पहिलं, डायोड. १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या कामाचा डायोड. उलट दिशेला बंद व्हायला त्याला फार वेळ लागतो. दर फेरीत कपॅसिटरमधला थोडा चार्ज मागे गळतो, डायोड तापतो आणि आउटपुट १२०-१३० व्होल्टच्या वर सरकत नाही. यूएफ४००७ झपाट्याने बंद होतो.

दुसरं, इंडक्टर. रेझिस्टरसारखा दिसणारा छोटा रंगीत पट्ट्यांचा इंडक्टर इथे टिकत नाही. प्रवाह वाढला की त्याचा गाभा भरून जातो आणि तो नुसती तार उरतो. दीड-दोन अँपिअर झेपणारा, १०० मायक्रोहेन्रीच्या आसपासचा, ड्रमसारखा जाड इंडक्टर घ्या.

तिसरं, मॉसफेटचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा पाय. आयआरएफ७४० पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्टच्या आसपास हवेत. त्यामुळे हे सर्किट मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालवू नका. आणि गेट रिकामं व्हायला वाट हवी. नुसता १ के ग्राउंडला लावला तर चालतं पण मॉसफेट कोमट राहतो. एक पीएनपी ट्रान्झिस्टर आणि डायोड लावून गेट झटकन खेचलं तर तो जवळपास गार राहतो. बोट लावून बघायचं असेल तर वीज काढून, कपॅसिटर रिकामा झाल्यावर.

हा भाग ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या बोर्डावर) करू नका. तिथल्या लांब वायरी आणि सैल क्लिपांमुळे तो कधीच धड चालत नाही. झिरो पीसीबीवर इंडक्टर, मॉसफेट, डायोड आणि कपॅसिटर अगदी खेटून बसवा.

आता नळी न लावता, १० केचा ५ वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर आउटपुटला जोडा. १८ मिलिअँप ओढला जाईल, म्हणजे चार नळ्यांपेक्षा जास्त. या भाराखाली मीटर १८० च्या जवळ थांबला तर पुरवठा पक्का. भाराविना दिसलेल्या १८० वर विश्वास ठेवू नका. मीटरला लागतो तो प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे लंगडा पुरवठाही त्याच्यापुढे ताठ उभा दिसतो. रेझिस्टर सव्वातीन वॅट जाळतो, चांगला भाजतो, तेवढं लक्षात असू द्या.

पायरी २: एक नळी, एक रेझिस्टर, एक क्लिप

हीच पायरी गाळून लोक थेट चार नळ्या सोल्डर करतात.

नळी पेटेपर्यंत तिच्यातून प्रवाह नसतो, म्हणून पूर्ण १८० व्होल्ट तिच्यावर पडतात. पेटली की आतला वायू वाहक बनतो आणि तिच्यावरचं व्होल्टेज १४० च्या आसपास घसरतं. उरलेले ४० व्होल्ट कुणीतरी सोसायला हवेत, नाहीतर प्रवाह बेफाम वाढून नळी जळेल. ते काम ॲनोडच्या रेझिस्टरचं. टेस्टर उघडलात तर त्या दिव्याच्या ओळीतही असाच एक मोठा रेझिस्टर दिसतो, फक्त तिथे तो तुमच्या बोटाचाही जीव वाचवत असतो.

आयएन-१२ ला अडीच ते साडेतीन मिलिअँप पुरतो. ४० व्होल्टला १५ केने भागलं तर २.७ मिलिअँप. तेव्हा १५ के, पाव वॅट. जळणारी शक्ती ०.१ वॅटच्या जरा वर, म्हणजे चालून जातं.

ॲनोडची पिन १ क्रमांकाची. १८० व्होल्ट, मग १५ के, मग पिन १. ग्राउंडची वायर क्लिपने पिन २ वर लावा आणि मगच वीज द्या. शून्य उजळायला हवा. वीज काढा, दहा सेकंद थांबा, क्लिप पुढच्या पिनवर. आता नऊ, मग आठ, असं उतरत्या क्रमाने एकपर्यंत. प्रत्येक पिन आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे गेलेली वीस मिनिटं पुढची दोन रात्रीची जागरणं वाचवतात. विशेषतः पिनांचा नकाशा खालून बघून काढलेला असतो आणि आपण बोर्ड वरून बघत बसवतो, तेव्हा सगळं आरशासारखं उलटं होतं. माझ्या पहिल्या बोर्डावर चारही नळ्या अशाच उलट्या बसल्या होत्या. एक वाजला की नऊ दिसायचा आणि मी बिचारा प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो.

बी प्रकाराचा स्वल्पविराम तपासायचा तर त्याच्या तारेत वेगळा १०० केचा रेझिस्टर घाला. तो चिमुकला कॅथोड पूर्ण आकड्याचा प्रवाह सोसू शकत नाही.

पायरी ३: आकडे बदलणारा आयसी

क्लिपचं काम आता के१५५आयडी१ करेल. हा अमेरिकन ७४१४१ चा सोव्हिएत जुळा: चार तारांवर बायनरी अंक (० आणि १ च्या रूपातली संख्या) द्या, दहापैकी एक पाय ग्राउंडला ओढला जातो. पायांची मांडणी विचित्र आहे. सोळा पायांच्या टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या चिपांच्या कुटुंबातल्या) आयसीला सवयीने ८ वर ग्राउंड आणि १६ वर ५ व्होल्ट दिले जातात. याला ५ व्होल्ट पाय ५ वर आणि ग्राउंड पाय १२ वर. सवयीने जोडलात तर तो मुकाट्याने मरतो.

इनपुट ए, बी, सी, डी अनुक्रमे ३, ६, ७ आणि ४ वर. आउटपुट शून्यापासून नऊपर्यंत: १६, १५, ८, ९, १३, १४, ११, १०, १, २. पाय ५ आणि १२ च्या जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर विसरू नका.

हा आयसी मिळाला नाही तर प्रत्येक आकड्याला एक एमपीएसए४२ आणि बेसला १० के, असंही करता येतं. तो ३०० व्होल्टचा आहे. घरात पडलेला बीसी५४७ लावायचा मोह टाळा. त्याची मर्यादा ४५ व्होल्ट, आणि न पेटलेल्या कॅथोडवर सहज त्याहून जास्त व्होल्टेज येतं.

आर्डुइनो जोडायच्या आधी एक परीक्षा घ्या. चारही इनपुट मोकळे सोडा. टीटीएलला मोकळा पाय म्हणजे ‘१’, म्हणून चिपला १५ दिसतो, आणि नऊच्या वरच्या अंकाला ती काहीच पेटवत नाही. नळी काळी. आता चारही इनपुट ग्राउंडला जोडा: शून्य. फक्त ए मोकळा करा: एक. फक्त बी: दोन. फक्त सी: चार. फक्त डी: आठ. ही पाच उत्तरं बरोबर आली तर चिप, तिचं सोल्डरिंग आणि तिचे इनपुट पाय नीट आहेत. यानंतर काही बिघडलं तर ते आर्डुइनोकडून आहे.

पायरी ४: घड्याळ

चार नळ्या, चार चिप. सोळा इनपुट तारांसाठी आर्डुइनोचे सोळा पाय खर्च करू नका. ७४एचसी५९५ चे दोन शिफ्ट रजिस्टर (एका तारेवरून एकामागे एक आलेले ०-१ आठ पायांवर मांडणाऱ्या चिप) लावले की तीन पायांत काम होतं. एकच चिप वापरून नळ्या आळीपाळीने पेटवायची पद्धत, म्हणजे मल्टिप्लेक्सिंग, यापेक्षा स्वस्त पडते. पण तिला ॲनोडच्या बाजूने उच्च व्होल्टेजचे ट्रान्झिस्टर लागतात आणि बिघाड शोधणं दुप्पट अवघड होतं.

वेळेसाठी डीएस३२३१. त्याची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास. बाजारात मिळणाऱ्या त्याच्या स्वस्त मॉड्यूलमध्ये एक खोडी आहे: त्यात बटण सेल चार्ज करायची वाट दिलेली असते. तिथे साधा सीआर२०३२ सेल बसवला तर तोही चार्ज होऊ लागतो आणि फुगतो. त्या वाटेवरचा छोटा रेझिस्टर काढून टाका.

तास-मिनिटांमधल्या दोन ठिपक्यांसाठी स्विचबोर्डच्या इंडिकेटरमधले निऑन दिवे छान दिसतात. प्रत्येकाला २२० के.

प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट पहिल्या दिवसापासून घाला. रोज पहाटे काही मिनिटं सगळे आकडे शून्य ते नऊ भराभर फिरवा. कारण घड्याळात तासाच्या पहिल्या नळीवर शून्य, एक आणि दोन यापलीकडे काही येतच नाही. पेटलेल्या कॅथोडवरून धातूचे कण उडतात आणि शेजारच्या न वापरलेल्या आकड्यांवर बसतात. वर्षभराने ते आकडे मागितले तर अर्धवट पेटतात. याला कॅथोड पॉयझनिंग म्हणतात.

बिघाड कसा ओळखायचा

निक्सीची गंमत अशी, की ती स्वतःच मीटर आहे. साध्या ग्लो डिस्चार्जमध्ये प्रवाह जितका, तितकाच कॅथोडचा भाग उजळतो. म्हणून आधी प्रकाश नीट बघा, मग मीटर उचला.

आकडा अर्धाच पेटतो, टोकं काळी राहतात, आणि हे सगळ्याच आकड्यांना होतं: प्रवाह कमी. ॲनोड रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा, त्याला रेझिस्टरने भागा. १५ केवर ४० व्होल्ट हवेत. २० च दिसले तर पुरवठा बसतोय. मुख्य आउटपुट भाराखाली मोजा आणि डायोड, इंडक्टर यांची कहाणी पुन्हा वाचा.

एखादाच आकडा अर्धवट, बाकीचे झकास: पॉयझनिंग. ॲनोड रेझिस्टर निम्मा करून फक्त तोच आकडा काही तास सलग पेटता ठेवा. चमक हळूहळू पसरत जाते. अधूनमधून बघत राहा. पूर्ण भरला की लगेच मूळ रेझिस्टर परत लावा.

प्रकाश आकड्याबाहेर सांडतोय, मागच्या आधाराच्या तारांवरही चढलाय, निळसर झाक आलीये: प्रवाह जास्त. रेझिस्टरचे रंग पुन्हा वाचा, १५ केच्या जागी १.५ के बसला नाही ना ते बघा. थोडासा निळा ठिपका मात्र घाबरण्यासारखा नाही. आयुष्य वाढावं म्हणून बऱ्याच नळ्यांत पाऱ्याचा अंश घातलेला असतो, ही त्याची छटा. म्हणूनच नळी फुटली तर खिडक्या उघडा, तुकडे उघड्या हाताने गोळा करू नका.

आकडा नाही, पण अख्खी नळी फिकट जांभळी-गुलाबी: हवा शिरली. फेकून द्या, उपाय नाही.

आकडा नाही, जाळीच नारिंगी पेटलीये: ध्रुव उलटे जोडलेत. ताबडतोब बंद करा.

काहीच पेटत नाही: ॲनोड पिन आणि ग्राउंडमध्ये मोजा. पूर्ण १८० दिसत असेल तर नळीपर्यंत वीज पोचतेय पण कॅथोडची वाट तुटली आहे, म्हणजे चिप, सोल्डर किंवा सॉकेटची सैल पिन. १४० च्या आसपास असेल तर नळीतून प्रवाह चाललाय, म्हणजे काहीतरी नक्की पेटलंय. दिवा मालवून जाळीमागे नीट बघा. शून्याजवळ असेल तर पुरवठा मेला किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

चुकीचा आकडा दिसतो: हा माझा आवडता बिघाड, कारण कागद-पेन्सिलीने सुटतो. सम आकडे कधीच येत नाहीत, शून्याच्या जागी एक आणि दोनच्या जागी तीन: ए तार तुटली आहे, चिप तिला कायम ‘१’ समजते. शून्याला चार, एकला पाच, आणि आठ-नऊला नळी काळी: सी तुटली. एक आणि दोन यांची अदलाबदल, पाचला सहा: ए आणि बी एकमेकांत गेल्या. आठला शून्य आणि नऊला एक: डी ग्राउंडला चिकटली, बहुधा सोल्डरचा पूल.

एका आकड्यामागे दुसरा भुतासारखा पुसट दिसतो: थेट जोडणीत (प्रत्येक नळीला स्वतःची चिप) याचं कारण बऱ्याचदा बोर्डावरचा मळका फ्लक्स, म्हणजे सोल्डर केल्यावर उरलेला चिकट थर. १८० व्होल्टला तो थर पुरेसा वाहक ठरतो, आणि पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढून घेतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पायांच्या मधली जागा घासा, पूर्ण वाळू द्या. जुलैमध्ये आलेलं भूत पुष्कळदा एवढ्यानेच जातं. मल्टिप्लेक्सिंग केलं असेल तर कारण वेगळं: एक नळी पूर्ण विझायच्या आत दुसरी चालू होते. दोघींच्या मध्ये शंभर-दोनशे मायक्रोसेकंद सगळं बंद ठेवा.

आर्डुइनो मधूनच रिसेट होतो: बूस्ट सर्किटचे झटके ग्राउंडमधून त्याच्यापर्यंत पोचताहेत. बूस्टच्या इनपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खेटून लावा, आणि बूस्टचं ग्राउंड व आर्डुइनोचं ग्राउंड दोन वेगळ्या तारांनी अडॅप्टरच्या सॉकेटपर्यंत न्या.

बारीक शिट्टीसारखा आवाज: इंडक्टर कानाला ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर आलाय. एमसी३४०६३ च्या पिन ३ वरचा कपॅसिटर जरा लहान करून बघा.

आणि एक बिघाड, जो बिघाड नाही. घड्याळ बंद पेटीत किंवा मिट्ट काळोखात ठेवून चालू केलं तर एखादी नळी क्षणभर, कधी दोन-तीन सेकंदही, उशिरा पेटते. खोलीतला दिवा लावला की लगेच शहाण्यासारखी वागते. पेटण्यासाठी वायूत पहिला एखादा इलेक्ट्रॉन सुटावा लागतो, आणि उजेड तो कॅथोडवरून सोडवतो. काळोखात नळीला त्याची वाट बघत बसावं लागतं. ट्यूबलाइटच्या स्टार्टरमध्ये हाच त्रास होऊ नये म्हणून काही कारखाने किरणोत्सारी क्रिप्टॉनचा लेश घालत. आपल्याला तेवढ्या थराला जायची गरज नाही. पेटीच्या आत, नळ्यांच्या मागे, एक मंद निळी एलईडी लावून ठेवा.